पाण्याखालच्या गावाला हाक

फुटबॉलचा वर्ल्ड कप तीन महिन्यांवर आला होता आणि कतारमधल्या अल रय्यानच्या आमच्या साइटवर सगळ्यांच्या रजा बंद झाल्या होत्या. नेमका तेव्हाच लेफ्तेरिस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. चार दिवस गावी जायचंय म्हणे, जत्रेला. माझं डोकंच फिरलं. स्टेडियमच्या कूलिंगची सगळी भिस्त या ग्रीक इंजिनियरवर, आणि याला जत्रा सुचतेय.

तो शांतपणे सांगत राहिला. शंभर वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून बाहेर काढलेल्या ग्रीकांनी त्याचं गाव वसवलं. नाव जुन्याच गावाचं, पुढे फक्त 'नवं' जोडलेलं. ऑगस्टच्या जत्रेत पाद्री तेव्हा तिकडून बोटीने आलेल्या एकेका घराला नावाने हाक मारतो, आणि त्या घरातल्या कुणीतरी समोर उभं राहून 'आहे' म्हणायचं. फोनवरचं चालत नाही. लागोपाठ तीन जत्रांना उत्तर आलं नाही, की ते घर पुन्हा पुकारत नाहीत. कोरोनामुळे याच्या दोन हुकल्या होत्या, आणि घरात आता हा एकटाच उरला होता.

मला उगाचच त्याचा राग आला. आमचं कुसाळे गाव धरणात गेलं तेव्हा आम्हाला रायगडात जमीन मिळाली, वसाहतीला नंबर मिळाला. नाव कुणी आणलंच नाही. आजोबा मरेपर्यंत पत्ता सांगताना अडखळायचे. हे मी लेफ्तेरिसला का सांगत बसलो, कोण जाणे. सांगितलं, आणि डायरेक्टरला न विचारता त्याच्या रजेवर सही करून टाकली.

तो गेला आणि माझी झोप उडाली. फोन वाजला की डायरेक्टरचा तर नाही ना, म्हणून आधी नाव बघायचो. एवढी धाकधूक होती तर सोडलंस कशाला, असं बायकोने, मालविकाने विचारलं. मी तिच्यावरच खेकसलो.

जत्रेच्या संध्याकाळी नेमकी मीटिंग लागली. लेफ्तेरिस कुठे आहे, डायरेक्टरने मला विचारलं. मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. त्याचाच होता. परतीचं काही बिनसलं की काय, या भीतीने मी तिथेच उचलला.

"मी उत्तर दिलं, श्याम," तो म्हणाला. "फोन ठेवू नकोस. अजून एक घर पुकारायचंय."

"कुणाचं?"

"पाद्री म्हणतात, ज्याचं गावच पाण्याखाली आहे, त्याला फोन चालेल."

मग एका म्हाताऱ्या, खणखणीत आवाजाने अडखळत हाक मारली, "कुसाळे." इकडे डायरेक्टर माझ्याकडे बघत होता. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"आहे," मी म्हणालो.