शेळीच्या आडून

महारुद्रतात्या आपल्या सुनेशी ती लग्न होऊन आल्यापासून एकदाही सरळ बोलले नव्हते. भांडण होतं म्हणाल तर तसलं काही नाही. उलट समृद्धीच्या हातचं कालवण कसं असतं, हे ते ईट गावच्या पारावर बसून दहा जणांना सांगायचे. पण सुनेला सांगायचं? छे. सासऱ्यानं घरात येताना बाहेरून खाकरायचं, सुनेनं पदर सावरायचा, आणि काय हवं-नको ते मधल्या माणसाकरवी मागायचं, ही त्यांच्या घरची रीत. मधलं माणूस म्हणजे कोंडाबाई, तात्यांची बायको. "तिला म्हणावं च्या टाक," असं तात्या बायकोला म्हणायचे, आणि समृद्धी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

कोंडाबाई वारली आणि मधली जागा मोकळी झाली. मुलगा सुरज चाकणला कंपनीत, तो सणासुदीला येणार. समृद्धीची नोकरी गावातल्या अंगणवाडीत, म्हणून ती इथं. घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक दुसऱ्याशी बोलत नाही. मग तात्यांनी काय करावं, तर दावणीच्या बांड्या शेळीला मध्ये घेतलं. "बांडे, भूक लागली गं," असं ते अंगणातून जरा मोठ्यानं म्हणायचे, आणि आतून ताट यायचं. गाव हसायचं. हसू दे. दोघांचं निभत होतं.

निभेना ते बब्रुवानच्या मरणापासून. बब्रुवान हा तात्यांचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. गड्याला परसाकडं रक्त पडत होतं आणि त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, थोरल्या भावाला नाही. मूळव्याध असेल म्हणून स्वतःचं धोतर स्वतः धुवत बसला. अंथरुणाला खिळला तेव्हा कळलं, आतड्याचा कॅन्सर. मग काय उरलं होतं? धाराशिवचे डॉक्टर अमरनाथ तेव्हाच म्हणाले होते, "सख्ख्या भावाला झालंय. काही त्रास नसला तरी तात्यांची एकदा आतड्याची तपासणी करून घ्या. दुर्बिणीनं करतात, दुखत नाही."

"मला काय धाड भरलीय?" असं तात्या सगळ्यांना सांगत फिरले. पण ती दुर्बीण कुठून घालतात हे पारावर कुणीतरी सांगितलं, आणि त्या दिवशी तात्यांना घास गिळेना. तरी भावाचं शेवटचं कण्हणं कानातून जात नव्हतं. सुरजनं फोनवर चार वेळा विनवलं, समृद्धीनं उंबऱ्याआडून आठ वेळा, आणि शेवटी तात्या शेळीला म्हणाले, "बांडे, त्यांना म्हणावं, येतो म्या."

तयारी समृद्धीकडं आली. सुरज गाडी घेऊन थेट तपासणीच्या सकाळी येणार होता.

"मामा, दोन दिवस भाकरी न्हाय," समृद्धी दारातनं म्हणाली. "शेंगदाण्याची चटणी न्हाय, पालेभाजी न्हाय, बिया असलेलं कायबी न्हाय. मऊ भात आन् वरण. आन् आदल्या दिशी तेबी न्हाय. गाळलेलं डाळीचं पाणी, लिंबाचं सरबत, बिनदुधाचा च्या. सांजंला औषध."

"बांडे, तुझी मजा हाय गं," तात्या म्हणाले. "तुला चारा तरी मिळतोय."

औषध म्हणजे एक पूड. ती मोठ्या चंबूभर पाण्यात कालवायची, अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे. चव खारट-आंबट, ओशट, तोंड वाईट करणारी. तात्यांनी नाक धरून पहिला वाटा घशाखाली घातला. तासभर काही नाही. मग पोटात जी गुरगुर सुरू झाली, ती थांबायला तयार नाही. संडास अंगणाच्या कोपऱ्यात, त्याला पत्र्याचं दार, आणि ते दार उघडलं की असं किंचाळायचं की स्वयंपाकघरात ऐकू जावं. तात्या बाहेर आले की समृद्धी सरबताचा पेला घेऊन उभी. तिच्या मनात काळजी, आणि ह्यांना वाटतंय सून आपल्या खेपा मोजतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हाताऱ्याला.

पहाटे तिनं दुसरा वाटा कालवून आणला आणि चंबू ओट्यावर ठेवला. तोंड दुसरीकडं करून, पण स्पष्ट विचारलं, "मामा, कसं व्हतंय आता? गाळ पडायचा बंद झाला का? डॉक्टर म्हनले, पाण्यासारखं पिवळं-पातळ झालं पायजे. तरच आतलं दिसतंय."

आता ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं! ज्या माणसानं सुनेकडं कधी मीठ मागितलं नाही, त्यानं तिला हे सांगायचं? समृद्धी आत वळली तशी तात्यांनी चंबू उचलला आणि शेळीपुढच्या घमेल्यात उपडा केला. शेळीला खारट म्हणजे जीव की प्राण. तिनं घमेलं चाटून पुसून लख्ख केलं.

"बांडे, सांग त्यांना," तात्या मोठ्यानं म्हणाले, "झालं म्हणावं. वढ्याच्या पाण्यावानी."

सुरज आला, धाराशिवला घेऊन गेला. आणि अर्ध्या तासात डॉक्टर अमरनाथ हातमोजे काढत बाहेर आले. "पोट साफच झालेलं नाही. पुढं काही दिसेना, म्हणून थांबवलं. घाणीखाली काही लपलं असेल तर कळणार कसं? पुन्हा करावं लागेल."

सुरजला रजा एकाच दिवसाची होती. बापाला घरी सोडून, तोंड पाडून तो चाकणला गेला. तात्या बाजेवर पडून नशिबाला बोल लावू लागले. पण अंगणात बांडीनं उच्छाद मांडला होता. शेपटापासून खुरापर्यंत हगवणीनं माखलेली, आणि बापडी केविलवाणी ओरडतेय. समृद्धी शेळ्या-मेंढरांच्या घरात वाढलेली. तिनं शेळीकडं पाहिलं, मग घमेल्याच्या कडेला वाळलेला पांढरा थर बोटानं पुसला आणि जिभेला लावला.

ती ओट्यावर बसली. ओरडली नाही, भांडी आपटली नाहीत. तात्यांनी धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं.

"मामा," ती म्हणाली, "धाकल्या मामांनीबी असंच लपवलं. त्यांना वाटलं, लाज राहिली. काय राहिलं सांगा. चौघांनी उचलून न्हाऊ घातलं शेवटी."

तात्यांनी सोगा आणखी ओढून घेतला.

"आत्याबाई व्हत्या तवा मला घर भरल्यावानी वाटायचं. आता सांच्याला अंगणवाडीतनं आले की ह्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी न्हाय. तुमी म्हणताल, तुझं तू बघ. तुमाला बांडी हाय. मला कोण हाय, मामा? तुमी खाकरता न्हवं बाहेर, तेवढंच ऐकून बरं वाटतंय मला. तेबी बंद झालं तर म्या काय करू?"

एवढं बोलून ती उठली आणि शेळीला भाताची पेज पाजायला गेली. तात्या बाजेवर तसेच बसले. त्यांना वाटत होतं, सून आपल्या खाकरण्याला कंटाळत असेल, सासरा कधी एकदा रानात जातो असं तिला होत असेल. आणि ही पोर त्या खाकरण्याची वाट बघत होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी कुणाचा आडोसा घेतला नाही. शेळी दोन दिवसांत चरायला लागली. तात्यांना मात्र काही केल्या बरं वाटेना.

पंधरवडा गेला आणि दुसरी पाळी आली. सुरजला ह्या वेळी यायला जमणार नव्हतं, म्हणून समृद्धीनं अंगणवाडीतून रजा काढली आणि गावातल्या गोरोबाची जीप ठरवली. पुन्हा तोच मऊ भात, तेच गाळलेलं पाणी, तोच खारट चंबू. ह्या वेळी तात्यांनी शेळी आपल्या हातानं परसातल्या बाभळीला नेऊन बांधली. समृद्धीनं पाहिलं आणि काही बोलली नाही.

दुसरा वाटा तात्या ओट्यावर बसून, तिच्यासमोर, घोट घोट प्यायले. मध्ये उमळून आलं तर थांबले, लिंबाची फोड चोखली, पुन्हा प्यायले. पत्र्याचं दार किंचाळत राहिलं. उजाडायच्या सुमाराला ते बाहेर आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. खाकरले. समृद्धीनं सवयीनं पदर ओढला आणि शेळीच्या नावाची वाट बघत राहिली.

"समृद्धी," तात्या म्हणाले.

तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"अजून गाळ येतोय गं माय, थोडा थोडा. आदुगरपेक्षा कमी हाय. पर तू म्हनलीस तसं साफ न्हाय झालं. काय करावं?"

झालं. जे बोलायला जीभ टाळ्याला चिकटत होती ते बोलून झालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. समृद्धीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की माणसाचं जे होतं ते तिचं झालं. तिनं तिथल्या तिथं दवाखान्यात फोन लावला. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, भरपूर साधं पाणी पाजा, आणखी दोन-तीन खेपा होतील, मग बघा. तसंच झालं. निघायच्या आधी तात्या बाहेर आले ते सांगतच आले, "आता झालं. बिनगाळाचं. खरं सांगतोय."

"माहिताय, मामा," ती म्हणाली.

धाराशिवच्या दवाखान्यात दैवशाला नावाच्या सिस्टरनं तात्यांना मागून उघडा असलेला झगा दिला. तात्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की सिस्टरला हसू आवरेना. "अहो तात्या, वर चादर घालते की. इथं रोज येतात माणसं. पाटीलबी येतात आन् गुरुजीबी." मग हाताला सुई, कुशीवर निजायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. "झोपेचं इंजेक्शन देते, एक ते दहा म्हणा," एवढं तात्यांना ऐकू आलं. चारपर्यंत गेल्याचं आठवतं. पुढचं काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा पोट फुगल्यासारखं वाटत होतं, दुखत मात्र नव्हतं. शेजारी स्टुलावर समृद्धी बसलेली.

"झालं का?" तात्यांनी विचारलं. "कवा करणार हायेत?"

"करून झालं, मामा."

"आत हवा भरतो आम्ही, ती सरायला पाहिजे," सिस्टर दैवशाला म्हणाली. "अडवून धरायचं नाही. लाजायचं तर अजिबात नाही."

तात्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "समृद्धी, तू जरा च्या पिऊन ये माय." ती तोंडावर पदर धरून, हसत बाहेर गेली.

डॉक्टर अमरनाथ आले तेव्हा ती परत आली होती. त्यांनी दोघांना समोर घेऊन सांगितलं. आतड्यात वरच्या अंगाला एक गाठ होती, चिंचोक्याएवढी. दुर्बिणीतूनच काढून टाकली. तपासायला पाठवलीय, पण दिसायला साधी आहे. "अशाच गाठी वर्षानुवर्षं वाढतात आणि मग बब्रुवानचं झालं ते होतं. ही तशी व्हायच्या आत सापडली. मागच्या वेळी जिथं थांबलो ना तात्या, तिथून थोडीच पुढं होती."

तात्यांनी सुनेकडं पाहिलं. ती खाली बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. जे भावाला घेऊन गेलं तेच आपल्या पोटात वाढत होतं, आणि आपण औषधाचा चंबू घमेल्यात उपडा करून मोकळे झालो होतो. तात्यांनी सुई टोचलेला हात उचलला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. आजवर ती पाया पडली की लांबूनच आशीर्वाद पुटपुटायचे.

"आणि आता तुमच्या घरातल्यांनी पण सांभाळायचं," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "सुरजनं, बब्रुवानच्या मुलांनी. चाळिशी आली की तपासून घ्यायचं, त्रास असो-नसो. रक्त दिसलं तर लगेच."

समृद्धीनं सुरजला फोन लावला. "मामा बरे हायेत," ती सांगू लागली, तसे तात्यांनी हात पुढं केला आणि फोन मागून घेतला. परसाकडच्या खेपांपासून मागून उघड्या झग्यापर्यंत सगळं सुरजला सांगितलं. त्या खोलीत आणखी तीन खाटा होत्या, आणि तिन्ही खाटांवरची माणसं कान देऊन ऐकत होती. तात्यांना त्याचं काही नव्हतं.

"आता शिवराजला लाव," ते म्हणाले. शिवराज म्हणजे बब्रुवानचा थोरला, चाळिशीला टेकलेला. बाप गेल्यापासून कुणाशी फारसा न बोलणारा. फोन लागला तसे तात्या खाटेवर उठून बसले.

"शिवराज, म्या तुझा तात्या. माझ्याबी पोटात निघालं व्हतं, बाबा. काढलं. आता मला एक सांग, आन् माझ्यापास्नं लपवू नको. तुला कवा रक्त दिसलंय का?"

तात्यांनी घाई केली नाही. समृद्धीनं त्यांचा मोकळा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघंही ऐकत राहिली.

"व्हय, तात्या," शेवटी शिवराज म्हणाला.

"मग उद्याच डॉक्टरांना दाखवू," तात्या म्हणाले. "औषध कसं प्यायचं ते म्या सांगतो. शेजारीच बसतो तुझ्या."