दुखवट्याची सुट्टी

बाबा पहाटे गेले. झोपेतच, कुणालाही हाक न मारता. चहा विचारायला म्हणून आईने त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा अंग गार पडत चालले होते. मुलगी शेजारच्या खोलीत दिवसाच्या कामाची टिपणे चाळत बसली होती. आईचा आवाज ऐकून ती धावली, नाडी चाचपली, नाकाशी हात धरला आणि पलंगाच्या कडेवर मटकन बसली. डोळे भरून आले. पण त्या पाण्याआडून तिला सर्वांत आधी आठवले ते बाबांचेच एक वाक्य, आणि नेमके तेच आठवावे याची तिला शरम वाटली.

"मी गेलो की तुम्हा सगळ्यांना एक दिवसाची सुट्टी नक्की," ते हसत म्हणायचे. ते एके काळी सभागृहाचे अध्यक्ष होते. माजी अध्यक्षाच्या निधनाची वार्ता आली की सभागृह दोन मिनिटे स्तब्ध उभे राहते आणि त्या दिवसाचे कामकाज तहकूब होते. ही प्रथा कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, पण ती मोडण्याची छाती आजवर कुणाला झाली नव्हती.

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. आणि आज तिचा प्रश्न यायचा होता.

विरोधी बाकांवरची आमदार होण्याआधी ती शाळेत शिकवायची. म्हणून सत्ताधारी बाकांवरचे लोक तिला 'मास्तरीण' म्हणत. तिच्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर दिले की ती तोच प्रश्न शब्दही न बदलता पुन्हा विचारी. यावेळचा प्रश्न एका ओळीत मावणारा होता. पत्र्याच्या डब्यांच्या एका कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते, आणि आत पॅकिंगचे काम करणाऱ्या मुली त्या दाराशी एकमेकींवर पडून मेल्या. सरकारी निरीक्षक त्या कारखान्याकडे कित्येक महिने फिरकला नव्हता, कारण कारखान्यांची तपासणी थांबवा असे वरून तोंडी सांगण्यात आले होते. ते कोणी सांगितले? मंत्र्यांनी कधी आजारपणाच्या, कधी माहिती गोळा होत असल्याच्या सबबीखाली हा प्रश्न पुढे पुढे ढकलला होता. आज मात्र सुटका नव्हती. आज हुकला असता, तर अधिवेशनाबरोबर प्रश्नही संपला असता आणि त्यानंतर निवडणुकीच्या धामधुमीत त्या मुलींची आठवण कुणी काढली नसती.

"ताई, काकांना कळवतो," धाकटा भाऊ दारातून म्हणाला. काका म्हणजे बाबांचे जिवाभावाचे मित्र आणि आता सत्ताधारी पक्षाचे प्रतोद.

"नको."

"म्हणजे?"

"बारापर्यंत कुणालाच नको. डॉक्टरांनाही नको. प्रश्नोत्तरं बाराला संपतात."

भावाला उमगायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बाप आहे आपला तो. फाईल आहे का, नंतर बघू म्हणायला?"

"बाबांना विचारलं असतं ना, तर तेच म्हणाले असते की..."

"त्यांना विचारता येत नाही आता. म्हणूनच त्यांच्या नावानं बोलतेयस तू."

सभागृहात कुणी असे बोलले असते, तर तिनेच बाक वाजवून दाद दिली असती.

आई इतका वेळ बाबांच्या अंगावरचे पांघरूण सारखे करत होती. ते आधीच सारखे होते. "जा तू," ती पाठमोरीच म्हणाली. "त्या बायकांच्या पोटच्या पोरी गेल्यात. मी बसते यांच्यापाशी." मग खिडकीकडे पाहून म्हणाली, "भिंती पातळ आहेत इथल्या. रडले तर शेजारी लगेच येतील." तिने जवळच्या उशीचा अभ्रा ओढून काढला, त्याची घडी केली आणि तोंडाशी घट्ट धरली.

मुलीने तिच्याकडे पाहण्याचे टाळले आणि ती बाहेर पडली.

सभागृहात शिरताच तिने वर पाहिले. प्रेक्षक गॅलरीत, काचेच्या भिंतीआड, त्या मुलींच्या आया दाटीवाटीने बसल्या होत्या. वर खालचे बोलणे खरखरत्या स्पीकरमधून पोचे, आणि खाली आरडाओरडा सुरू झाला की नुसता गोंगाटच पोचे. पुढच्या रांगेत बसलेल्या, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बाईने तिला ओळख दिली. मास्तरणीनेही मान हलवली, आणि आपला चेहरा सकाळचे काही सांगत तर नाही ना, या विचाराने ती लगेच कागदांत वाकली.

तिचा प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले. "अध्यक्ष महोदय, तपासणी थांबवण्याचा असा कोणताही लेखी आदेश शासनाने दिलेला नाही."

"लेखी नाही हे मलाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी तोंडी आदेशाबद्दल विचारतेय. कोणी दिला?"

"चौकशी चालू आहे."

"कोणी दिला?"

"बाई, छडी घरी विसरलात वाटतं!" समोरून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

"छडी लागत नाही. मंत्र्यांना बैठक कुठं झाली एवढं आठवलं तरी पुरे. बैठक तुमच्या दालनात झाली. निरीक्षकांच्या प्रमुखाला तिथं बोलावलं होतं. तुम्ही तिथं होतात का? हो किंवा नाही."

हशा विरला. मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिले; अधिकारी आपल्या बुटांकडे पाहत होते. "त्या बैठकीला मी... काही वेळ उपस्थित होतो," मंत्री म्हणाले. "परंतु..."

विरोधी बाकांवर एकदम कल्लोळ उसळला. ती उभीच होती. आणखी एक प्रश्न, एवढाच काय तो उरला होता. तेवढ्यात बाजूच्या दारातून काका आत आले. त्यांचे डोळे लाल होते. ते थेट अध्यक्षांच्या आसनाशी गेले आणि त्यांच्या कानाशी लागले. तिने काय ते ओळखले.

अध्यक्ष उठले आणि बोलू लागले. विरोधी सदस्यांना वाटले की मंत्र्यांना वाचवायचा हा नवा डाव आहे. ते अधिकच ओरडू लागले. निधनाची वार्ता, बाबांचे नाव, सारे त्या गदारोळात बुडाले. पुढच्या रांगेतल्या ज्यांना ऐकू आले ते उठून उभे राहिले, त्यांना पाहून मागचे उठले, आणि बघता बघता सारे सभागृह माना खाली घालून शांत झाले. मंत्रीसुद्धा. मास्तरीण उभीच होती. तिला वेगळे उठावे लागले नाही. तिने वर नजर टाकली. काचेआड त्या आयाही उभ्या राहिल्या होत्या, आणि शिवणकामवाली बाई रडत होती.

कामकाज तहकूब झाले. मंत्री तिच्या जवळून जाताना म्हणाले, "तुमच्या दुःखात सहभागी आहे." त्यांच्या आवाजात खरोखरच ओलावा होता, माणूस मोकळा झाला की येतो तसा.

काका तिच्या बाकाशी थांबले. "पोरी, मला कळवावंसं वाटलं नाही तुला? रोज सकाळी फोन करायचो मी त्याला. आज तुझ्या भावानं उचलला, आणि त्याला बोलताच येईना."

"काका, पाच मिनिटं थांबला असतात तर..."

"तुला थांबता आलं," काका म्हणाले. "मला नाही आलं."

ते मित्रासाठी धावत आले होते की मंत्र्यासाठी, हे तिला ठरवता आले नाही. कदाचित त्यांनाही आले नसते.

जिन्यात त्या बायका तिची वाट पाहत होत्या. शिवणकामवाल्या बाईने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "ताई, उत्तर काही दिलं नाही त्यांनी, ते दिसलं आम्हाला. पण उभे राहिले हो सगळे! तो मंत्रीसुद्धा. आमच्या पोरींसाठी मान खाली घातली त्यानं." बाकीच्या माना हलवत होत्या.

गप्प राहणे सोपे होते. त्यात कुणाचे नुकसानही दिसत नव्हते. पण या बायकांशी कुणी खोटे बोलू नये, एवढ्यासाठीच तर तिने हा प्रश्न इतके दिवस लावून धरला होता.

"ते त्यांच्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "माझे वडील गेले. ते पूर्वी अध्यक्ष होते इथं. त्यांच्यासाठी उभे राहिले सगळे."

बाईचे हात हळूहळू सैल झाले. "कधी गेले?"

"आज पहाटे."

"पहाटे? आणि तू इथं आलीस?" तिने हात सोडला. मग म्हणाली, "घरी जा बाई. जा."

त्यात राग नव्हता. मागून कुणीतरी विचारले, "वय काय होतं त्यांचं?"

"ऐंशी उलटली होती."

कठड्याला धरून बायका एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

घराच्या दारात भाऊ उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. "काकांशी खोटं बोलता आलं नाही मला," एवढेच तो म्हणाला. आत आई सकाळी होती तिथेच, पलंगालगतच्या स्टुलावर बसली होती. शेजारपाजारचे अजून कुणी आले नव्हते. अभ्रा ओलाचिंब झाला होता आणि त्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या.

"मिळालं उत्तर?"

"अर्धं."

आईने मान हलवली. "बारा वाजले?"

"नाही अजून."

आईने अभ्रा पुन्हा तोंडाकडे नेला. मुलगी तिच्यासमोर खाली बसली आणि तिने तो तिच्या मुठीतून हळूच सोडवून घेतला.