साखरेचं बोट धरून

“पाणी बंद करू नकोस हं त्याचं,” ताईनं फोनवर बजावलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे ढब्बूच्या आईनं, ते कानाआड केलं. “अगं, सकाळपासून जुलाब चालू आहेत, पाजलं की लगेच खाली! जरा पोटाला आराम मिळू दे.”

मित्रांनो, तो आराम मला नको होता. मी ढब्बूच्या आतड्याचं अस्तर. ढब्बू दीड वर्षांचा. गालांवरून त्याला हे नाव पडलं. मी मात्र तेवढंही जुनं नाही. माझ्या पेशी चार-पाच दिवसांत गळतात आणि नव्या येतात. हात लावता आला असता, तर मखमलीसारखं लागलं असतं. माझे बारीक उंचवटे पाणी शोषून घेतात, त्यांच्यामधले खड्डे थोडं सोडतात. किती घ्यायचं, किती सोडायचं, हे माझ्याच अंगातल्या नसा सांभाळतात. घरात कुणाला पत्ताही नसतो, मग कौतुक कसलं!

त्या दिवशी कुठल्याशा जंतूनं विष सोडलं आणि खड्ड्यांतून पाणी वाहतच सुटलं. एकटं मीठ आत येईना. पण एक दार अजून चालू होतं. त्यातून मीठ येतं ते साखरेचं बोट धरून, आणि दोघांच्या मागे पाणी. ते दार उघडं ठेवून वाट बघणं एवढंच माझ्या हाती होतं. वरून काहीच येत नव्हतं.

दुपारी ढब्बू रडला. आईनं डोळ्यांना रुमाल लावला, तो कोरडाच राहिला. ती चरकली आणि तिनं परत फोन लावला.

“ताई, हा रडतोय आणि डोळ्यांत पाणीच नाही गं!”

“ओआरएसची पुडी आहे ना? लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव. चमच्याचमच्यानं दे. ओकला तर थोडं थांब, परत दे. मी निघालेच. सुस्त पडला तर माझी वाट बघू नकोस, सरळ दवाखाना गाठ.”

पहिला चमचा त्यानं थुंकला. दुसरा निम्मा आईच्या हातावर सांडला. तिसरा माझ्यापर्यंत पोचला. मीठ, साखर, मागोमाग पाणी. खड्डे वाहतच होते, पण हळूहळू जाण्यापेक्षा येणं जास्त झालं.

ताई दारात आली, तेव्हा आईची मांडी ओली होती. “शू केली गं यानं! शू!”

“एवढ्या थाटात शूची बातमी पहिल्यांदाच ऐकतेय,” ताई म्हणाली. आई हसता हसता रडली. तिच्याकडे अश्रू भरपूर होते.

त्या दिवशीच्या माझ्या पेशी केव्हाच गळून गेल्या. ढब्बूचे गाल परत आले. मला कुणी बघत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी कुणा लहानग्याचं पोट बिघडलं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. उठा, त्याची जीभ ओली आहे का, तेवढं बघून या.