शेरा : दार बंद

शिंपीणबाईंनी साखळी न काढताच दार बोटभर उघडलं. फटीतून त्यांनी आधी आकडेभाऊंच्या हातातल्या वहीकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"मीटर बाहेरच आहे की. घ्या आकडा आणि जा."

भाऊ म्हणाले, माझं काम झालंय, जरा प्यायला पाणी मिळालं असतं. बाई म्हणाल्या, नळाला पाणी नाही. आत नळ धो धो वाहत असल्याचा आवाज भाऊंना स्वच्छ ऐकू येत होता. बरं म्हणून ते पुढच्या दाराकडे वळले.

सव्वीस वर्षं हा माणूस विजेचे मीटर वाचत होता. त्यातली वीस वर्षं याच गल्लीत, आणि राहायलाही गल्लीच्या शेवटून दुसऱ्या घरात. त्यांचं खरं नाव वीज कचेरीच्या हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. गल्लीने त्यांना आकडेभाऊ केलं ते कायमचं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा पंखा रात्रभर फिरतो, कोण हट्टाने अंधारात बसतं, हे सगळं त्यांना मीटरवरून कळायचं आणि पोटातच राहायचं. एके काळी त्यांना अर्ध्या गल्लीत चहा मिळत असे. आता पाण्याचेही वांधे झाले होते, आणि त्याचं कारण भाऊंना पुरतं ठाऊक होतं.

लढाईला सातवं वर्ष लागलं होतं. पहिल्या वर्षी सरकारने घरोघरी एक निळा कागद वाटला, त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आम्ही ठाम आहोत'. तेव्हा लोकांनी तो रांगा लावून नेला. कुणी काच बसवून दारावर लावला, कुणी खिडकीलाही एक जास्तीचा लावला. मग वर्षं गेली, कागद उन्हाने पांढरे पडले, गल्लीतली चार पोरं गेली ती परत आली नाहीत, आणि कागद एकेक करून नाहीसे होऊ लागले. उघड कुणी काही बोलत नव्हतं. विचारलं तर वाऱ्याने उडाला म्हणत. वारा बाकी त्या वर्षी फारसा सुटला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी कचेरीने रीडिंगच्या वहीत एक नवा रकाना काढला : 'दारावरील कागद — आहे / नाही'. साहेबांनी सगळ्या मीटरवाल्यांना बसवून सांगितलं की हे टिपायचं, पण टिपतो आहोत हे कुणाला कळू द्यायचं नाही, घरच्यांनाही नाही. 'नाही' लिहिलेल्या घरी पुढे दोन माणसं जाऊन बसतात आणि बारीक चौकशा करतात, हे शेजारच्या वस्तीतून भाऊंच्या कानावर आलं होतं.

भाऊ नाकासमोर चालणारे. खोटा आकडा लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि कुणाच्या पोटावर पाय देणंही नव्हतं. त्यांनी आपल्यापुरती वाट काढली. मीटर घरात असायचे त्या काळापासून, घराला कुलूप असलं की 'दार बंद' असा शेरा मारायची पद्धत होती, ती मीटर बाहेर आले तरी चालूच राहिली. त्या शेऱ्यापुढे बाकीचे रकाने कोरे सोडायचे असतात. मग काय, ज्या दारावर कागद नाही, ते दार भाऊंपुरतं बंद. पहिल्या महिन्यात सहा घरं बंद होती, आठव्यात एकवीस. पण शेरा पडला की बिल अंदाजाने येतं. लोक आणखीच बिथरले. माणसं घरात असताना हा दार बंद लिहितो म्हणजे याचं लक्ष मीटरवर नाहीच, हा दुसरंच काहीतरी टिपतो, असा बोभाटा झाला. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही, म्हणून भाऊंना तोंड उघडून सांगायची सोय नव्हती.

त्या एकवीस घरांत त्यांचं स्वतःचंही घर होतं. मुलगा तिसऱ्यांदा सीमेवर गेला, त्या आठवड्यात बायकोने कागद काढून टाकला. ती म्हणाली, "माझं पोर तिकडे आणि मी इकडे दारावर ठाम म्हणून लिहून ठेवू? मी नाही ठाम. मला तो घरी हवाय."

भाऊंनी परत लाव म्हणून सांगून पाहिलं. का, कोण बघतंय, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी जीभ चावली. कचेरीचा हुकूम होताच, पण खरं सांगायचं तर त्यांना बायकोच्या तोंडाचा भरवसा नव्हता. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांची एकही गोष्ट बाहेर फोडली नव्हती, हे त्यांना तेव्हा आठवलं नाही. आता मुलाला पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली होती आणि पुढल्या महिन्यात तो यायचा होता. एकदा तो आला की मग बघू, असं भाऊ स्वतःला समजावत होते.

त्याआधीच तक्रार गेली. गल्लीच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनी कचेरीला रीतसर पत्र लिहिलं की आम्ही चोवीस तास घरात असताना 'दार बंद' हा शेरा कसा. मास्तरांच्या दारावरचाही कागद गेलेला होता, पण तो रकाना त्यांना माहीत नव्हता.

गुरुवारी सकाळी साहेब स्वतः आले आणि भाऊंना म्हणाले, चला, आज तुमची बंद दारं बघू. दोघं शिंपीणबाईंच्या दारापाशी पोचले आणि भाऊ बघतात तो निळा कागद. पुढच्या दारावर कागद. त्याच्या पुढच्या दारावरही. एक तिरका लागला होता, एक घाईत उलटा लागला होता, एकाने घंटीचं बटणच त्याखाली झाकून टाकलं होतं. तक्रारीची तपासणी गुरुवारी होणार हे मास्तरांना कचेरीने कळवलं होतं. रकान्याची बातमीही कुठूनशी आली असावी, कारण बुधवारी दिवसभर गल्लीने एकमेकांना निरोप दिले होते. या घराने त्या घराला सांगितलं, ज्याच्याकडे कागद नव्हता त्याला दुसऱ्याने दिला, आणि सकाळी भाऊ कामाला निघाल्यावर सगळ्यांनी भराभर खळ लावून ते चिकटवले.

भाऊंचा जीव क्षणभर हलका झाला. पण त्यांना निरोप आला नव्हता. बायकोला आला असता तर ती बोललीच असती. सरकारच्या माणसाच्या घरी कोण कशाला सांगायला जाईल. गल्ली पुढे सरकत होती आणि भाऊ मनात म्हणत होते, एखादीने तरी सांगितलं असेल, सकाळी मी निघाल्यावर तरी सांगितलं असेल.

त्यांचं दार सताड उघडं होतं. दारावर जुन्या कागदाचा फिकट चौकोन तेवढा होता. बायको ओल्या हातांनी बाहेर आली.

"हे कुणाचं घर?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

साहेबांनी वही हातात घेऊन मागची पानं चाळली. या घरापुढेही तोच शेरा. मग ते उंबऱ्यापाशी आले आणि हलक्या आवाजात बोलू लागले. त्या कागदांची खळ अजून ओली आहे हे न कळायला मी आंधळा नाही, म्हणाले. तुमचा मुलगा रजेवर येतोय ना, अशा रजा वरच्यांच्या हातात असतात. या एकवीस घरांतली खरी कागद फाडणारी दोनतीन नावं द्या, तुमच्या घरापुढे मी स्वतः 'आहे' लिहितो आणि हा विषय मिटतो.

बायको भाऊंकडे बघत राहिली. "तुम्ही हे टिपत होता? माझ्यापासून लपवून?"

लाजेने भाऊंची मान खाली गेली.

साहेब तिच्याकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही दिवसभर दारात असता."

समोरच्या खिडक्यांचे पडदे हलत होते. ती त्या पडद्यांकडे आणि दारांवरच्या निळ्या कागदांकडे बघत होती. काल गल्लीभर फिरलेला निरोप आपलाच उंबरा चुकवून गेला, हे तिला आत्ता कळत होतं. एकेका घराची गोष्ट तिला तोंडपाठ होती. बोलायचा अवकाश, पोर पुढल्या महिन्यात घरी आलं असतं.

"मला लांबचं दिसत नाही हो," ती म्हणाली. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारी बाई ती.

साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "बंद होती ती दारं, साहेब. वहीत आहे तेच."

मग त्यांनी वही मागून घेतली. मीटरपाशी वाकून आकडा घेतला, नेहमीप्रमाणे दोनदा ताडून पाहिला आणि लिहिला. शेजारच्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. आठ महिन्यांत त्या वहीत पडलेला तो पहिला 'नाही'. बायको उंबऱ्यावर बसली आणि तिने पदराला हात पुसले, पुसतच राहिली.

शेवटचं घर उरलं होतं. भाऊ साहेबांशी इतका वेळ काय कुजबुजत होते, याचा मास्तरांनी आपल्या मनाने अर्थ लावला होता. त्यांचा चेहरा उतरला होता. ते दाराला पाठ लावून उभे होते आणि एक हात मागे नेऊन कागदाचा सुटत चाललेला कोपरा दाबून धरत होते.

"आहे ना, बघा," ते म्हणाले. भाऊंच्या नजरेला नजर त्यांनी दिली नाही.

भाऊंनी आकडा घेतला. पुढे 'आहे' लिहिलं. मग साहेब पाठ फिरवून चालू लागेपर्यंत ते मास्तरांच्या समोर, अगदी जवळ, आपल्या घरापुढचा 'नाही' त्यांना वाचता येईल अशी वही उघडी धरून उभे राहिले.