गोळी घेतलीस का, हेमा?

मित्रांनो, मी एक जुनं बोलकं घड्याळ आहे. माझा जन्म पीण्या नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका छोट्या कारखान्यातला, आणि मला विकलं यल्लाप्पाने, मोबाइलवरच्या बाजारात. माझ्या पाठीवर एक बटण आहे. ते दाबून बोललं की आवाज माझ्या पोटात राहतो आणि गजराच्या वेळी तोच ऐकू येतो.

हेब्बाळच्या अरविंदरावांनी मला घरी आणलं, कारण त्यांच्या हेमलताबाई पहाटेची गोळी हमखास विसरायच्या. त्यांनी बटण दाबलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हेमा, ऊठ गं. गोळी घेतलीस का?" काय कौतुक होतं माझं त्या घरात! पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायचे. पुढे अरविंदराव गेले. आवाज राहिला. हेमलताबाई रोज पहाटे अंधारात उठून त्या आवाजाला म्हणायच्या, "घेते हो." मला त्यांनी इतकं पुसून, जपून ठेवलं की अंगावर एक ओरखडा नव्हता.

तेच माझ्या मुळावर आलं. माझा काटा मागे पडायला लागला, म्हणून त्यांच्या मुलाने, जितेंद्रने, यल्लाप्पाकडूनच हुबेहूब असंच नवं घड्याळ मागवलं. "मला नको ते, परत कर," बाई म्हणाल्या. ऑफिसच्या घाईत जितेंद्रने दोन्हींतलं एक खोक्यात भरलं. ते नवं नव्हतं, मी होतो.

परत आलेला माल यल्लाप्पाच्या घरी येतो. सेल काढून तो फळीवर ठेवायचा, अशी त्यांची पद्धत. माझे सेल काढले की पोटातला आवाजही जातो. पण त्या दिवशी गडबडीत ते राहून गेलं, आणि पहाटे फळीवरून अरविंदराव बोलले. यल्लाप्पाची बायको कस्तुराबाई दूध तापवत होती. दूध उतू गेलं तरी ती जागची हलली नाही.

"अहो, कुणीतरी आपल्या बायकोला हाक मारतंय यात," ती म्हणाली. "सेल काढू नका. त्या बाईला कळवा आधी."

"कळवतो की. स्वल्प थांब."

यल्लाप्पाला गिऱ्हाइकाचं नुसतं गाव दिसतं, नाव-पत्ता कंपनीकडे. म्हणून त्याने निरोपात आपला फोन नंबर लिहिला. नंबर द्यायला बंदी आहे, तेव्हा निरोप अडला. मग त्याने नियमाप्रमाणे साधं लिहिलं, तुमचं जुनं घड्याळ चुकून आमच्याकडे आलंय. हा निरोप पोचला. पण जितेंद्रने तो उघडलाच नाही.

का उघडावा? विकणाऱ्याने मागणीपुरतंच लिहायचं, कौतुकाचे तारे मागायचे नाहीत, असा कंपनीचा नियम. यल्लाप्पा पडला चिकपेटच्या बाजारात, दुकानात वाढलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची सवय. "पाच तारे द्या सर," "सणाची सूट आहे सर," आणि प्रत्येकावर 'महत्त्वाचं' असा शिक्का. "किती छळता लोकांना?" असं सांगून कस्तुराबाई थकली होती. आता जितेंद्रने हाही तसलाच समजून उलट तक्रार केली, आणि कंपनीने यल्लाप्पाचे निरोपच बंद केले. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "सर, त्यांचे पैसे परत गेलेत. विषय संपलाय."

यल्लाप्पाच्या मुलीने, रंजिताने, आवाज मोबाइलवर घेऊन ठेवलाय. पण पाठवायचा कुणाला?

माझे सेल आता उतरत चाललेत. आवाज जड झालाय, अरविंदराव आतल्या खोलीतून बोलावेत तसा. तिकडे हेब्बाळला माझ्या जागी ते नवं घड्याळ मुकाट बसलेलं असेल. हेमलताबाईंना वाटत असेल, ते मीच आहे, आणि अरविंदरावांनी बोलणं सोडलं. याचीच मला फार भीती वाटते.

मित्रांनो, उगाच कुणाचं दार वाजवत जाऊ नका. एखाद्या दिवशी खरंच निरोप असतो, आणि दार उघडत नाही.

आज पहाटेही मी विचारलं, "हेमा, ऊठ गं. गोळी घेतलीस का?" कस्तुराबाई अंधारात उठून बसली. हेमलताबाईंना अजून काही कळलेलं नाही, हे मला सांगणं तिच्या जिवावर आलं असावं.

"घेते हो," ती म्हणाली.