मुलींचं फोल्डर

डब्यात डबा ठेवणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असं सदाशिवरावांचं मत होतं. त्यामुळे धर्मेंद्रने दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवला, त्या दिवसापासून ते त्याच्याकडे जरा तिरपंच पाहत.

खरं तर गरज त्यांचीच होती. सिंदी रेल्वेत स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. दोन हजार आठ साली नवं मशीन आलं ते विंडोज विस्टावालं, आणि जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. धर्मेंद्र म्हणाला, "काकाजी, टेन्शन नाई. ह्याच्या पोटात एक एक्सपी, म्हणजे जुनं विंडोज, बसवून देतो. व्हर्च्युअल मशीन म्हणते त्याले." पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तिच्यात जुन्या मशीनवरचा तोच हिरवा माळ दिसू लागला. फोटो बाहेरच्या कॉम्प्युटरवर यायचे, पानं आतल्यात लागायची. दोघांच्या देवाणघेवाणीसाठी धर्मेंद्रने 'सूची' नावाचं एक शेअर्ड फोल्डर केलं. त्यात दोन फोल्डर, मुलं आणि मुली.

सूची म्हणजे समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका. मेळावा रविवारी, पुलगावला. एकसष्ट मुली, चौऱ्याऐंशी मुलं. सत्तेचाळीस नंबरचा मुलगा खुद्द धर्मेंद्र. वय तीस, निर्व्यसनी, अपेक्षा 'समजूतदार'. हा त्याचा तिसरा मेळावा. पहिल्या वेळी अपेक्षा चार ओळींची होती.

सोमवारी सकाळी सदाशिवराव दहाला दुकानात आले, तर धर्मेंद्र डोकं धरून बसलेला.

"काकाजी, पोरी नाई."

"नाई म्हणजे?"

"आत मुलं दिसून राह्यले, मुली गायब. फोल्डरच नाई. मशीन दोनदा बंद-चालू केली. शेअरिंग काढून परत लावलं."

"मुलं बरे दिसून राह्यले."

"तेच तं. मशीनले काय मालूम, कोण पोरगा अन् कोण पोरगी?"

मशीनला मालूम नसेल, सदाशिवराव मनात म्हणाले, माणसाला असतं. हा धर्मेंद्र त्यांच्याकडे येण्याआधी दोन वर्षं वर्ध्याला ताराचंदच्या विवाह केंद्रात कामाला होता. आणि ताराचंदकडे दर मेळाव्याच्या आधी समाजातल्या मुलींची माहिती कशी पोहोचते, हा पुलगावपासून सिंदीपर्यंत चर्चेचा विषय होता.

"बाहेरच्या फोल्डरमधेही नाई, काकाजी."

बाहेरच्या मुली कुठे आहेत हे सदाशिवरावांना ठाऊक होतं. त्या त्यांच्या शर्टाच्या खिशात होत्या.

हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. समाजातल्या आईबापांनी आपल्या मुलींचे फोटो त्यांच्या शब्दावर दिलेले. ते बंद दुकानात, शटरच्या भरवशावर कसे ठेवायचे? म्हणून गेल्या शनिवारपासून, धर्मेंद्र घरी गेला की ते 'मुली' हे अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायचे. कॉपी नाही, कट. एक प्रत तिथेच सोडायची तर मग नेण्यात अर्थ काय? घरी पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात, बायकोच्या, म्हणजे मंदाबाईंच्या, कुंकवाच्या डबीशेजारी राहायचा. सकाळी ते धर्मेंद्रला चहा आणायला पिटाळायचे आणि मुली जागच्या जागी ठेवून द्यायचे. आतल्या कॉम्प्युटरमधल्या मुलींची त्यांना काळजी नव्हती. त्या वेगळ्या, खिडकी बंद केली की आपोआप कोंडल्या जातात. दोन कॉम्प्युटर, दोन फोल्डर, इतका साधा हिशेब होता.

"जा, चहा घेऊन ये," ते म्हणाले.

धर्मेंद्र चहा घेऊन आला, आतली खिडकी उघडली आणि म्हणाला, "आल्या."

मंगळवारी तेच. नऊला मुली नाहीत, सदाशिवराव आले, चहा आला, मुली आल्या. बुधवारी धर्मेंद्रने आतल्या मशीनचं शेअरिंगचं सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं, अँटीव्हायरस फिरवला, कपाटामागची वायर बदलली. चहानंतर मुली आल्यावर त्याने वायरीला श्रेय दिलं.

सदाशिवरावांना मात्र चित्र स्वच्छ दिसू लागलं. आपण नसतो तेव्हा मुली नसतात. आपण आलो की येतात. याहून जास्त पुरावा कोर्टसुद्धा मागत नाही. पोरगा सकाळी लवकर येतो, आतल्या मुली कुठेतरी हलवतो, आपली चाहूल लागली की परत आणून ठेवतो, आणि वर तोंड करून स्वतःच बोंब मारतो. बोंब मारणं तर फारच संशयास्पद होतं. निर्दोष माणूस गप्प बसला असता.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी पुलगावला समाजाचे अध्यक्ष बंडूजी यांना फोन लावला.

"ऑपरेटरवर मले डाऊट हाये. पोरींचे फोटो बाहेर जाऊन राह्यले."

बंडूजींनी विचारलं, "नंबर सत्तेचाळीस ना तो?"

"तोच."

"मंग त्याचं पान काढून टाका. अशाले समाजात पोरगी कोण देईन? कमिटीच्या लोकायले मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. बंडूजी कामाला चोख होते.

गुरुवारी सदाशिवरावांनी धर्मेंद्रला कागदाच्या रिमांसाठी वर्ध्याला धाडलं आणि स्वतः खुर्चीत बसले. सत्तेचाळीस नंबरचं पान दोन ठिकाणाहून काढायचं होतं. त्यांनी आधी बाहेरच्या फोल्डरमधून ते कट करून पेन ड्राइव्हवर टाकलं. मग आतली खिडकी उघडली, 'मुलं' उघडलं आणि शोधू लागले. सेहेचाळीस होता, अठ्ठेचाळीस होता. सत्तेचाळीस नव्हता.

म्हणजे पोरट्याने आधीच ताडलं, त्यांना वाटलं. स्वतःच पान काढून पळाला. पण आपलंच पान कोण काढेल? त्यांनी पेन ड्राइव्हवरून सत्तेचाळीस परत बाहेर ठेवला आणि आत पाहिलं. आत धर्मेंद्र भांग पाडून हसत होता.

त्यांनी तो बाहेरून काढला. आत नाही. ठेवला. आत आहे. असं त्यांनी पाच वेळा केलं. पाचव्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं की फोल्डर दोन नाहीत. खोली एकच, दारं दोन. आणि शनिवारपासून रोज संध्याकाळी त्या खोलीतून मुली कोण नेत होतं, ते त्यांच्या खिशाला माहीत होतं.

दुपारी धर्मेंद्र आला. त्याने रिमं ठेवली आणि दुकानाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"काकाजी, मी सोडून राह्यलो. बसमध्ये आपल्या समाजाचे दोघं जण भेटले. बोलले नाई माह्याशी, जागा बदलून बसले. मंग तिसऱ्यानं सांगितलं, काय चालू हाये ते." तो शांतपणे बोलत होता. "पान काढलं असन तुम्ही. मले एकदा विचारलं तरी असतं."

सदाशिवरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं. सत्तेचाळीस जागेवर होता.

"बस," ते म्हणाले, आणि त्याच्यासमोरच बंडूजींना फोन लावला. "बंडूजी, पोरगा साफ हाये. फोटो कुठे गेलते नाई. माह्याच घरी होते."

"कोणते फोटो?"

"पोरींचे. एकसष्टच्या एकसष्ट. रोज संध्याकाळी मीच नेऊन राह्यलतो. सकाळी आणून ठेवत होतो."

बंडूजींनी विचारलं, "काऊन?"

सदाशिवरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. शटर, आईबाप, देव्हारा, कुंकवाची डबी, सगळं अगदी व्यवस्थित मनात होतं. पण बासष्ट वर्षांच्या माणसाने ते फोनवर सांगायला घेतल्यावर त्याचा जो आवाज निघाला, तो त्यांना स्वतःलाच पटला नाही.

"मंदाबाईले मालूम हाये का हे?" बंडूजींनी मध्येच विचारलं.

धर्मेंद्रने टेबलावरची किल्ली उचलून खिशात ठेवली आणि कामाला बसला. शुक्रवारी सगळी पानं छापली गेली, सत्तेचाळीससकट. त्या दिवशी सकाळपासून कमिटीचे श्रावणजी दुकानात स्टूल टाकून बसले होते. देखरेखीला, असं ते म्हणाले. कोणाच्या, ते बोलले नाहीत. पण धर्मेंद्र दोनदा उठून बाहेर गेला तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

संध्याकाळी सदाशिवरावांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, सवयीने दोनदा ओढून पाहिलं.

"सदाशिवराव," श्रावणजी स्टूल काखेत धरून म्हणाले, "बुरा मत मानजो. बंडूजीनं सांगितलं हाये. खिसा तेवढा दाखवून द्या."