बिनआवाजाची गिटार

बायकोने तीस वर्षं नर्स म्हणून रात्रपाळी केली, त्यामुळे आमच्या घरात दिवसा तिच्या झोपेचं राज्य. माझं काम घड्याळदुरुस्तीचं, तेही घरातल्याच टेबलावर. दाराची कडी मी कापडात गुंडाळली होती. शिंक आली की गॅलरीत पळायचो. लग्नाआधीची माझी गिटार माळ्यावर धूळ खात पडली होती. बायकोने ती कधी ऐकलीच नाही.

तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा लेकीने बिनआवाजाची गिटार आणून दिली. पोटच नाही, नुसता सांगाडा. घडी घातली की पिशवीत मावते. "बाबा, आवाज फक्त हेडफोनमध्ये. आई शेजारी झोपली तरी खुशाल वाजवा."

मी मनाशी ठरवलं, निरोप समारंभात बायकोला एक गाणं ऐकवायचंच. रोज दुपारी ती घोरायची आणि मी हातभर अंतरावर बोटं सोलून घ्यायचो.

समारंभ हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये होता. मी ऐटीत उभा राहिलो, तार छेडली. स्पीकर ढिम्म! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्पीकरला जोडायची वायर घरी, खोक्यात, सीलबंद. तीन महिन्यांत तिची गरजच पडली नव्हती. गिटारमध्ये घालायचे दोन जादा सेल मात्र मी आठवणीने आणले होते.

"मोठ्याने वाजवा की!" मेट्रनबाई ओरडल्या.

मी जीव खाऊन वाजवलं. लोकांना ऐकू आली नुसती टिकटिक.

"यांनी गिटारचंही घड्याळ केलं!" एक डॉक्टर म्हणाले आणि सगळं कॅन्टीन खिदळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या डॉक्टरचं घड्याळ पुन्हा हातात धरणार नाही, हेही तिथल्या तिथे ठरवलं.

मग गळ्यातले हेडफोन काढले आणि सरळ बायकोच्या कानांवर चढवले. गाणं पहिल्यापासून धरलं. लोक आमच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग भरून आले.

"अहो, किती सुंदर वाजवता!" कान झाकलेले, त्यामुळे ती केवढ्यांदा ओरडली याचा तिला पत्ताच नव्हता. कपाटावरचे चमचेसुद्धा हलले असतील. "इतकी वर्षं का नाही ऐकवलंत?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तिला ऐकू कुठे येणार होतं? मी गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.